आपत्कालीन शस्त्रखरेदी

युद्ध तोंडावर आले असता, वर्षानुवर्षे रेंगाळणारी नेहमीची प्रक्रिया बाजूला ठेवून सैन्यासाठी केलेली तातडीची खरेदी. कारगिल युद्धात (१९९९) अशी धावपळ झाली होती. उरी हल्ल्यानंतर (१८ सप्टेंबर २०१६) गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना सैन्यदलांच्या उपप्रमुखांना दारूगोळा व सुटे भाग घेण्याचे वाढीव अधिकार मिळाले. गरज खरीच होती : महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालानुसार, सप्टेंबर २०१६ मध्ये लष्कराच्या १५२ पैकी ६१ प्रकारांचा दारूगोळा तीव्र युद्धात १० दिवसही पुरला नसता. घाईत दर चढा पडतो, घासाघीस राहते. पण हा दोष खरेदीचा कमी, आधीच्या दिरंगाईचा अधिक. गलवान संघर्षानंतर, २०२० मध्ये, ३०० कोटी रुपयांपर्यंतच्या भांडवली खरेदीची मुभा देण्यात आली. पुरवठा मात्र वर्षभरात हवा.