विहाराची भिंत आणि आजचा चित्रकार

कला, धर्म आणि अध्यात्म यांच्या परस्परसंबंधांविषयी अलीकडे पुष्कळ चर्चा होते. चित्रप्रदर्शनांच्या निमित्ताने परिसंवाद भरतात आणि चित्रकार व धर्माभ्यासक एका व्यासपीठावर येतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका चर्चेस आम्ही उपस्थित होतो. समारोपाच्या सुमारास एक तरुण बौद्ध चित्रकार उठून म्हणाला, “माझ्या चित्रांत अध्यात्म नाही, नुसता आक्रोश आहे, असे प्रदर्शन भरविणारे म्हणतात. मी चवदार तळ्याचे चित्र काढून आमच्या विहारात लावले, तर ते विहारात शोभत नाही म्हणून कमिटीने उतरविले. मग सर, मी चित्र लावू तरी कोठे?”

पालीचे अभ्यासक म्हणून उत्तर आमच्याकडून अपेक्षित होते. आम्ही विनयपिटकातील एक निषेध सांगितला आणि थांबलो. तो मुलगा काही न बोलता खाली बसला. आमचे उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. घरी येऊन ग्रंथ पुन्हा उघडल्यावर ते किती अपुरे होते, हे आमच्या ध्यानात आले. प्रस्तुत लेख ही त्या उत्तराची दुरुस्ती होय.

‘अज्झत्त’ आणि ‘अध्यात्म’

प्रथम ‘अध्यात्म’ या शब्दाचा विचार करू. आधुनिक चित्रकलेच्या संदर्भात तो रूढ होण्यास एक इतिहास आहे. रशियन चित्रकार वासिली कांडिन्स्की यांचा कलेतील आध्यात्मिकतेविषयीचा ग्रंथ १९११ च्या अखेरीस जर्मनीत प्रसिद्ध झाला. त्यावर थिऑसॉफीच्या विचारांची छाया होती. दृश्य वस्तूंचे बंधन सोडून केवळ रंग आणि आकार यांच्या द्वारे चित्राने माणसाच्या अंतरंगाशी बोलावे, अशी ती भूमिका होती. पुढे आपल्याकडेही अमूर्त चित्रांना आध्यात्मिक म्हणण्याची प्रथा पडली. वासुदेव गायतोंडे (१९२४-२००१) यांच्या चित्रांविषयी बोलताना झेनचा उल्लेख हटकून होतो. त्यांच्या चित्रांच्या योग्यतेविषयी आमचे काहीच म्हणणे नाही. आमचा आक्षेप त्यातून पुढे निघालेल्या वाटणीला आहे. जे चित्र मन निवविते ते आध्यात्मिक आणि जे मन अस्वस्थ करते ते केवळ राजकीय, अशी ती वाटणी होय.

पालीतील ‘अज्झत्त’ हा शब्द संस्कृत ‘अध्यात्म’ याचाच सहोदर आहे. पण त्याचा अर्थ साधा आहे. ‘अज्झत्त’ म्हणजे स्वतःच्या आतले आणि ‘बहिद्धा’ म्हणजे बाहेरचे. त्यात नित्य आत्म्याची कल्पना नाही. सतिपट्ठानसुत्तात साधकाने वेदना कशी पाहावी, हे सांगताना भगवंतांनी तीन पायऱ्या दिल्या आहेत. ती आत पाहावी, बाहेर पाहावी आणि आत-बाहेर अशी दोन्हीकडे पाहावी. अट्ठकथेने ‘बाहेर’ याचा अर्थ दुसऱ्याची वेदना असा केला आहे. म्हणजे केवळ स्वतःच्या अंतरंगात रमणे ही बुद्धांच्या मार्गावरील अपुरी साधना ठरते. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या धम्मग्रंथात ‘धर्म’ आणि ‘धम्म’ यांतील भेद याच दिशेने मांडला आहे. धर्म ही व्यक्तीची खाजगी बाब मानली जाते, धम्म मात्र मुळातच सामाजिक आहे, असा त्या विवेचनाचा आशय आहे. तेव्हा आमच्या चित्रकाराने दुसऱ्याचे दुःख रंगविले म्हणून त्यात ‘अज्झत्त’ नाही, असे म्हणण्यास पाली परंपरेत आधार नाही.

विनयातील निषेध आणि त्याची मर्यादा

आता आम्ही त्या दिवशी सांगितलेल्या निषेधाकडे वळू. चुल्लवग्गातील सेनासनक्खंधकात अशी हकीकत आहे की, छब्बग्गिय भिक्खूंनी विहारात स्त्रीपुरुषांच्या आकृती असलेली चित्रे काढविली. या चित्रांना तेथे ‘पटिभानचित्त’ म्हटले आहे. विहार पाहावयास आलेल्या लोकांनी नावे ठेविली की, हे तर कामभोगी गृहस्थांसारखे वागतात. तेव्हा भगवंतांनी अशा चित्रांस मनाई केली आणि फुलांची माळ, वेल, मकरदंत यांसारख्या नक्षीस अनुज्ञा दिली. भिक्खुनींच्या पाचित्तिय नियमांतही राजाचे चित्रागार पाहावयास जाण्याचा निषेध आहे. पसेनदी राजाच्या उद्यानातील चित्रागाराची हकीकत त्या नियमाच्या मुळाशी आहे.

आम्ही येथवर सांगितले आणि थांबलो. परंपरा मात्र येथे थांबलेली नाही. ‘समन्तपासादिका’ या विनयाच्या अट्ठकथेने या निषेधाची मर्यादा स्पष्ट केली आहे. जातककथा, असदिसदानाची कथा यांसारखी जी चित्रे पाहणाऱ्याच्या मनात पसाद आणि संवेग उत्पन्न करतात, ती करविण्यास प्रत्यवाय नाही, असा तिचा निर्णय आहे. पसाद म्हणजे श्रद्धेने येणारी चित्ताची निर्मळता. संवेग म्हणजे दुःखाचे दर्शन झाल्यावर चित्तास बसणारा तो हादरा, जो माणसाला स्वस्थ बसू देत नाही आणि प्रयत्नाला लावतो. ही दोनच लक्षणे अट्ठकथेने दिली आहेत. चित्र शांत असावे, देखणे असावे किंवा आध्यात्मिक असावे, अशी अट तिने घातलेली नाही.

यावर कोणी विसुद्धिमग्गातील चित्तगुत्त थेरांची गोष्ट पुढे करील. कुरंडक महालेणात सात बुद्धांच्या अभिनिष्क्रमणाचे सुंदर चित्र होते. पाहुण्या भिक्खूंनी त्याची वाखाणणी केली, तेव्हा थेर म्हणाले की, आपण साठाहून अधिक वर्षे येथे राहतो, पण येथे चित्र आहे हे डोळस लोकांमुळे आजच कळले. लेण्याच्या दाराशी एक मोठा नागवृक्ष होता. तो फुलल्याचे त्यांना जमिनीवर पडलेल्या पाकळ्यांवरून कळे, कारण त्यांनी मान वर करून कधी पाहिलेच नव्हते. आचार्य बुद्धघोषांनी ही गोष्ट इंद्रियसंवराचे उदाहरण म्हणून दिली आहे. पण तिचा दुसरा अर्थही लक्षात घ्यावा. थेरांनी चित्र पाहिले नाही, तसे ते पुसूनही टाकले नाही. ज्यांनी ते पाहिले त्यांना दोष दिलेला नाही. थेरांचा संवर हा त्यांच्या साधनेचा भाग होता, उपासकांच्या विहारासाठी घालून दिलेला तो नियम नव्हे.

संवेगाचे मूळ

संवेग कशाने उत्पन्न होतो? अट्ठकथांनी रूढ केलेले उत्तर म्हणजे म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी यांच्या दर्शनाची कथा. बाबासाहेबांनी ही कथा नाकारली, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. एकोणतीस वर्षांच्या तरुणाला तोवर म्हातारपण आणि मरण ठाऊकच नव्हते, हे त्यांना बुद्धीस पटणारे वाटले नाही. त्यांनी गृहत्यागाचे कारण शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यात दाखविले.

या मांडणीला सुत्तनिपातातून मोठे पाठबळ मिळते. अट्ठकवग्गातील अत्तदंडसुत्तात तथागत स्वतःच्या संवेगाविषयी बोलतात. आटत चाललेल्या पाण्यातील मासोळ्यांसारखी तडफडणारी आणि एकमेकांशी झगडणारी माणसे पाहून आपणांस भय वाटले, असा तेथील आशय आहे. आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात गृहत्यागाचे कारण शोधताना याच सुत्ताचा आधार घेतला. अट्ठकथाही या सुत्ताचा संबंध रोहिणीच्या तंट्याशीच जोडते.

म्हणजे तथागतांच्या संवेगाचे मूळ पाण्यावरून पेटलेल्या मानवी कलहात आहे. असे असताना पाण्याच्या हक्काचे चित्र विहारात शोभत नाही, असे म्हणणारी कमिटी कोणत्या परंपरेच्या आधाराने बोलत होती? आणि आम्ही स्वतः कोणत्या आधाराने गप्प बसलो?

विहारात इतिहास

दुसरा आक्षेप असा घेतला जातो की, विहारात बुद्धचरित्र असावे, अलीकडचा इतिहास नसावा. पण प्राचीन स्तूपांची साक्ष वेगळी आहे. सांचीच्या पहिल्या स्तूपाच्या तोरणांवर सम्राट अशोकाच्या बोधिवृक्षाच्या आणि रामग्रामच्या स्तूपाच्या भेटीची दृश्ये कोरलेली आहेत. त्याच स्तूपाच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी हे कोरीव काम केल्याचा लेख आहे. कर्नाटकातील सन्नतीजवळच्या कनगनहल्ली येथील स्तूपावर अशोकाची नाव कोरलेली प्रतिमा सापडली आणि सातवाहन राजांचेही नामांकित शिल्पपट मिळाले. हे राजे त्या शिल्पकारांच्या दृष्टीने अगदी जवळच्या काळातले होते. अजिंठ्याच्या चित्रकारांनी जातककथा रंगविल्या, पण त्यांतील वाडे, वस्त्रे, दागिने आणि परदेशी पाहुणे पाचव्या शतकातील आहेत. आज आपण ज्याला प्राचीन म्हणतो, ते सर्व त्या काळी समकालीनच होते.

विसाव्या शतकातही ही परंपरा खंडित झाली नाही. अनागारिक धम्मपाल यांच्या प्रयत्नांतून सारनाथचा मूलगंधकुटी विहार ११ नोव्हेंबर १९३१ रोजी खुला झाला. त्याच्या आतील भिंतींवर जपानी चित्रकार कोसेत्सु नोसू यांनी १९३२ ते १९३६ या काळात बुद्धचरित्र रंगविले. त्यातील मारसेनेच्या आक्रमणाचे चित्र ज्यांनी पाहिले आहे, त्यांना केवळ शांतरस हाच बौद्ध कलेचा विषय आहे असे वाटणार नाही. कोलंबोच्या बोरेला भागातील गोतमी विहारात जॉर्ज कीट (१९०१-१९९३) यांनी १९३९-४० मध्ये भित्तिचित्रे काढली. कीट हे बर्गर घराण्यातले. कँडीच्या मल्वत्त विहाराच्या सान्निध्यात ते बौद्ध विचाराकडे वळले. युरोपातील नव्या चित्रकलेचा त्यांनी डोळसपणे स्वीकार केला होता आणि १९४३ साली स्थापन झालेल्या आधुनिक चित्रकारांच्या ‘४३ ग्रूप’मध्ये ते होते. अशा चित्रकाराला विहाराने आपली भिंत दिली.

आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा विहार मात्र केलनियाचा आहे. हेलेना विजेवर्धन या उपासिकेच्या दानातून त्याचा जीर्णोद्धार झाला. त्याची चित्रे सोलियस मेंडिस यांनी काढली. या कामासाठी त्यांना भारतात पाठविण्यात आले आणि त्यांनी अजिंठा पाहून अभ्यासला. केलनियाच्या भिंतींवर तथागतांची लंकाभेट आहे, तशी संघमित्रा थेरींनी बोधिवृक्षाची शाखा आणल्याची घटना आहे, दंतधातूच्या आगमनाची कथा आहे आणि बुद्धघोष विसुद्धिमग्ग अर्पण करीत आहेत, असेही चित्र आहे. चित्तगुत्त थेरांची गोष्ट सांगणारे आचार्य स्वतःच चित्ररूपाने विहारात विराजमान झाले आहेत. आपल्या भूमीत धम्म कसा आला आणि कसा टिकला, हे सिंहली उपासक पूजेला जाता-येता पाहतो. अजिंठा पाहून एका सिंहली चित्रकाराने आपल्या विहारात आपला इतिहास रंगविला. अजिंठा ज्या महाराष्ट्रात आहे, तेथील बौद्धांनी हे अद्याप फारसे केलेले नाही.

आपली भिंत

बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या विहारात रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. धर्मांतरानंतर वस्तीवस्तीत विहार उभे राहिले. मजुरी करणाऱ्या माणसांनी वर्गणी काढून ते बांधले. त्यांच्या भिंतींवर चित्रकाराकडून काम करवून घेण्याइतका पैसा तेव्हा नव्हता. छापील तसबिरींनी ती उणीव भरून काढली आणि त्या तसबिरींपुढे हात जोडणाऱ्यांच्या श्रद्धेविषयी आम्हांस आदरच आहे. आपला संवेग मात्र गाण्याने वाहिला. जलसेकारांनी आणि वामनदादा कर्डक यांच्यासारख्या लोककवींनी जे शब्दांत आणि सुरांत केले, ते भिंतीवर उतरले नाही.

चित्रकार मात्र निर्माण झाले. नागपुरात १९६१ साली जन्मलेले सवी सावरकर बडोद्यास शिकले. गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला अस्पृश्य आणि देवदासी हे त्यांच्या चित्रांचे विषय आहेत. बिहारच्या मालविका राज यांनी मधुबनी शैलीत बुद्धांचे आणि बाबासाहेबांचे चरित्र रंगविले आहे. या चित्रांची चर्चा कलादालनांत आणि विद्यापीठांत होते. ज्यांच्या वेदनेतून ती जन्मली, त्यांच्या विहारांत ती क्वचितच दिसतात.

येथे एक मर्यादा सांगणे आमचे कर्तव्य आहे. अट्ठकथेने संवेगाबरोबर पसादही सांगितला आहे. जे चित्र केवळ द्वेष पेटवील, ते या कसोटीस उतरणार नाही. हाती घेतलेल्या दंडातूनच भय जन्मते, असे अत्तदंडसुत्ताचे आरंभीच सांगणे आहे. पण महाडचाच प्रसंग पाहा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि सहस्रावधी माणसे शिस्तीने चालत जाऊन चवदार तळ्याचे पाणी प्याली. नंतर त्यांच्यावर हल्ला झाला. अनेकजण जखमी झाले, तरी बाबासाहेबांनी आपल्या माणसांना प्रतिहल्ल्यापासून आवरले. या एका प्रसंगात संवेग आहे आणि पसादही आहे. काळाराम मंदिराचा १९३० चा सत्याग्रह आणि १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षा यांविषयीही असेच म्हणता येईल. हे आपल्या भूमीत धम्म परत आल्याचे प्रसंग आहेत. केलनियात संघमित्रा थेरींच्या आगमनाला जे स्थान आहे, ते आपल्या विहारांत या प्रसंगांना मिळणे योग्य होय.

विहार कमिट्यांना आमची विनंती एवढीच आहे. मूर्तीमागची भिंत मोकळी राहू द्यावी. सभामंडपाची एक भिंत आपल्याच वस्तीतील किंवा तालुक्यातील चित्रकाराला द्यावी आणि त्याला त्याच्या श्रमाचा मोबदलाही द्यावा. काम सुरू होण्यापूर्वी चित्रकाराने आणि कमिटीने अत्तदंडसुत्त एकत्र बसून वाचावे. चित्र कसे काढावे, हे मात्र त्याचे त्याला ठरवू द्यावे.

त्या तरुणाचे नाव आम्ही त्या दिवशी विचारून घेतले नाही, ही आमची दुसरी चूक. हा अंक त्याच्या हाती पडला, तर आमचे सुधारलेले उत्तर असे आहे: तुझे चित्र विहारातच लाव. त्याला विनयाची हरकत नाही.