मोहाची भट्टी आणि अबकारीचा कायदा

खालापूर व कर्जत या तालुक्यांच्या रानांत फाल्गुन-चैत्रांत पहाटेच्या वेळीं मोहाचीं फुलें गळतात. तीं वेचून वाळविण्याची कातकरी व ठाकूर लोकांची वहिवाट फार जुनी. टंचाईंत हेंच फूल अन्न होई आणि लग्नकार्यांत व देवकार्यांत त्याचीच दारू होई. ही दारू गाळण्याची घरगुती विद्या गुन्हा कशी ठरली, हा या भागाच्या इतिहासांतील विचार करण्याजोगा प्रसंग आहे.

भट्टीचें साहित्य साधें असे. फुलें पाण्यांत कांहीं दिवस आंबवून तें आंबवण मडक्यांत चुलीवर चढवावयाचें, वर दुसरें मडकें उपडें घालून सांधा मातीनें लिंपावयाचा आणि पोकळ वेळूची नळी थंड पाण्यांत ठेवलेल्या भांड्यांत सोडावयाची. मद्यार्क सुमारें ७८ अंश सेंटिग्रेडवर उकळतो, पाणी १०० अंशांवर; म्हणून मंद आंचेवर मद्यार्काची वाफ अधिक येते. आंच भडकली, तर पाणीही बरोबर चढतें व दारू पाणचट होते. भांड्याभोंवतीचें पाणी ऊन झालें कीं बदलावें लागे, सांधा सुटला कीं पुन्हा लिंपावा लागे. आरंभीं उतरणारा रस सर्वांत तीव्र. ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग त्यावरूनच रूढ झाला.

इ. स. १८७८ मध्यें मुंबई सरकारनें अबकारी कायदा केला. त्याचे प्रमुख पुरस्कर्ते चार्ल्स प्रिचर्ड होते. लहान भट्ट्या मोडाव्या, मोठ्या मध्यवर्ती भट्ट्यांतच दारू गाळावी व तिजवर कर घ्यावा, असें हें धोरण. मोहाच्या दारूसाठीं उरणच्या भट्ट्या प्रसिद्ध होत्या. मुंबई शहरास तेथून दारू जाई. परंतु ज्याच्या दारांतच मोहाचें झाड, तो करभाराची महाग दारू कशास घेईल? म्हणून १८९२ मध्यें खास मोहाचा कायदा करण्यांत आला आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुलें बाळगण्यावरच निर्बंध घालण्यांत आले. कर्जत तालुका नुकताच, १८९१ मध्यें, ठाण्यांतून कुलाब्यांत आला होता. खालापूर तेव्हां त्याचाच पेटा होता. तेंच फूल उरणास गेलें तर सरकारचा महसूल, आणि कातकऱ्याच्या झोपडींत सांपडलें तर अपराध!

दारूनें अनेक संसार धुळीस मिळविले, हें नाकारतां येत नाहीं. परंतु त्या कायद्याचा मुख्य हेतु व्यसनमुक्ति नसून महसूल हा होता. पुढें १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें बंदीस नीतीचें अधिष्ठान दिलें. तरी भट्टी विझली नाहीं, ती ओढ्याकांठच्या झाडींत लपली. चोरट्या हातभट्टींत मोहाच्या जागीं काळा गूळ व नवसागर आले. स्वतःच्या घरीं प्यावयाची दारू जपून गाळणारा हात मागें पडला, आणि परक्यास विकण्यासाठीं घाईनें गाळणारा पुढें आला.

शेजारच्या गोव्यांत काजूच्या बोंडांची फेणी अशाच लहान भट्ट्यांत, पण परवान्यानें, गाळली जाते. २००९ मध्यें तिला भौगोलिक मानांकनही मिळालें. विद्या मूळची एकच. एकीस राज्यानें नांव दिलें, दुसरीस कलम लावलें.