धावपटूचा उष्माघात: 1912 ते 2014

1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो मॅरेथॉन धावताना उन्हात कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्याने अंगाला चरबी चोळली होती, असे सांगतात. घामाची वाफ झाली नाही, की शरीर थंड होत नाही. जून 2014 मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत 5 किलोमीटर धावताना आपलीही काही मुले दगावली.

पिंप्राळ्यात भरतीची तयारी करणाऱ्यांनो, सोबती धावताना असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर घाम येत असला तरी उष्माघात समजा. 108 ला फोन करा, पण गाडी येईपर्यंत थांबू नका. सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर पाणी पाजू नका. आधी थंड करा, मग दवाखाना.