उत्तराची वाट पाहताना : रिचर्डसनच्या 'क्लॅरिसा'चे पुनर्लेखन (१७४४–१७५१)

कादंबरीचा पहिला खर्डा पुरा करून तो चार जाणत्या वाचकांच्या हाती द्यावयाचा, आणि त्यांचे अभिप्राय येईपर्यंत स्वस्थ बसावयाचे, असे सहसा घडत नाही. हस्तलिखित बाहेर गेले तरी लेखणी थांबत नाही. अभिप्राय हाती पडतो तेव्हा ज्या मजकुराविषयी तो लिहिलेला असतो तो मजकूर बदलून गेलेला असतो. या मधल्या काळात नेमके काय घडते, हा वाङ्मयेतिहासातील दुर्लक्षित प्रश्न आहे. त्याची दोनच उत्तरे सामान्यतः दिली जातात. लेखकाने वाचकांचे ऐकले, हे एक. त्यांना न जुमानता तो आपल्या मार्गाने गेला, हे दुसरे. अठराव्या शतकातील इंग्रज कादंबरीकार सॅम्युएल रिचर्डसन याच्या 'क्लॅरिसा' या कादंबरीचा इतिहास पाहिला असता ही दोन्ही उत्तरे अपुरी ठरतात.

रिचर्डसन (१६८९–१७६१) हा व्यवसायाने मुद्रक होता. लंडनमध्ये फ्लीट स्ट्रीटनजीक सॉल्सबरी कोर्ट येथे त्याचा छापखाना होता. 'पामेला' ही त्याची पहिली पत्ररूप कादंबरी १७४० च्या नोव्हेंबरात निघाली, त्या वेळी त्याने वयाची पन्नाशी ओलांडली होती. पामेला ही मोलकरीण; तिच्या तोंडी घातलेली भाषा काही वाचकांना ग्राम्य वाटली. रिचर्डसनने पुढील आवृत्त्यांतून ती हळूहळू सुधारीत नेली. बोलीतील शब्द व घरगुती वाक्प्रचार गाळले आणि वाक्यरचना अधिक सभ्य केली. हे काम आयुष्याच्या अखेरपर्यंत चालू राहिले आणि त्याचा शेवटचा परिपाक त्याच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी, १८०१ मध्ये, छापला गेला. येथे वाचकाने दोष दाखविला आणि लेखकाने तो दुरुस्त केला, असे सरळ नाते दिसते. भाषेच्या अभ्यासकाला मात्र या सुधारणेत लाभाइतकीच हानीही आढळेल. मोलकरणीच्या भाषेचा जिवंतपणा या सभ्यपणात बराचसा हरवला.

'क्लॅरिसा'ची गोष्ट वेगळी आहे. क्लॅरिसा हार्लो ही सधन घरातील सद्गुणी मुलगी. घरच्यांनी नावडत्या वराशी विवाहाची सक्ती केल्यामुळे ती कोंडीत सापडते. लव्हलेस हा देखणा, बुद्धिमान व दुर्वर्तनी सरदारपुत्र तिला फसवून घराबाहेर काढतो आणि अखेर गुंगीचे औषध देऊन तिच्यावर बलात्कार करतो. त्याच्याशी विवाह करून अब्रू झाकून घेण्यास ती नकार देते आणि मृत्यूला सामोरी जाते. ५३७ पत्रांतून सांगितलेली ही कथा सुमारे दहा लक्ष शब्दांची असून इंग्रजीतील अत्यंत दीर्घ कादंबऱ्यांत तिची गणना होते.

१७४४ पर्यंत या कादंबरीचा खर्डा बऱ्याच अंशी तयार झाला होता आणि तो मित्रमंडळींत फिरू लागला होता. कवी एडवर्ड यंग हा हर्टफर्डशरमधील वेलविन येथे धर्मोपदेशक होता. नाटककार अ‍ॅरन हिल हा एसेक्समधील प्लेस्टो येथे राहत असे. याखेरीज तरुण स्त्रियांचे एक वर्तुळही रिचर्डसनभोवती जमलेले होते. हस्तलिखिताचे जाडजूड गठ्ठे या घरून त्या घरी जात, आणि उत्तरे पत्ररूपाने येत. त्या काळी पत्राचे हशील सामान्यतः पत्र घेणाऱ्याने द्यावयाचे असे. तेव्हा अभिप्राय मागविणे म्हणजे अक्षरशः त्याची किंमत मोजणे होते.

या अभिप्रायांत दोन मागण्या वारंवार येतात. पहिली मागणी लांबी कमी करण्याची होती. ती खुद्द रिचर्डसननेच मित्रांकडे मांडली होती, हे लक्षात ठेवले पाहिजे. आपल्याला आटोपशीर लिहिता येत नाही याची त्याला खंत होती आणि कोठे कात्री लावावी हे त्याने हिलला विचारले. हिलने आरंभीची काही पत्रे स्वतः संक्षिप्त करून नमुन्यादाखल पाठविली. ती पाहून रिचर्डसन नाराज झाला. हिलच्या संक्षेपात कथानक टिकले होते. परंतु पात्रांच्या मनातील बारीक हेलकावे आणि एकाच घटनेकडे दोन दृष्टींनी पाहण्याची सोय नाहीशी झाली होती. आपल्या लेखनात अनावश्यक काय आहे हे रिचर्डसनला हिलकडून समजले नाही; आवश्यक काय आहे हे मात्र समजले. खर्ड्यावर त्याची कात्री चालूच राहिली, पण ती त्याच्या स्वतःच्या हातात.

दुसरी मागणी शेवट गोड करण्याची. राजकवी कॉली सिबर याला नियोजित शेवटाची कल्पना १७४५ मध्येच आली होती, आणि क्लॅरिसाची विटंबना व मृत्यू होणार हे ऐकून तो संतापला होता. उलट यंगचा कौल शोकान्ताकडे होता. याच सुमारास यंगने लव्हलेसच्या पात्राविषयी चिंता न करण्याचा सल्ला दिला, याला विशेष महत्त्व आहे. पात्राची नीती पाहू नये, त्याचा अस्सलपणा पाहावा, असा त्याचा आशय होता. लव्हलेसविषयीची शंका लेखकाच्या मनात छपाईच्या पुष्कळ आधीपासून घर करून होती, हे त्यावरून उघड होते.

१७४७ च्या डिसेंबरात पहिले दोन खंड प्रसिद्ध झाले. त्यांच्या प्रस्तावनेत रिचर्डसनने 'संपादक' या भूमिकेतून सांगितले की, संक्षेपाविषयी मित्रांची मते भिन्न पडल्यामुळे हे दोन खंड नमुन्यादाखल वाचकांपुढे ठेवीत आहोत आणि उरलेल्यांचा निर्णय त्यांच्या स्वागतावरून करू. खर्ड्याचे वाचन मित्रमंडळींच्या मर्यादित वर्तुळातून निघून आता सर्व वाचकांच्या हाती गेले. पुढील दोन खंड १७४८ च्या एप्रिलमध्ये आणि शेवटचे तीन त्याच वर्षीच्या डिसेंबरात निघाले. म्हणजे चौथ्या खंडानंतर वाचकांना सात महिन्यांहून अधिक काळ थांबावे लागले, आणि या अवधीत पत्रांचा ओघ सुरू झाला.

त्यांतील सर्वांत आग्रही पत्रे लँकेशरमधून आली. लेखिका 'बेलफोर' असे टोपणनाव घेऊन लिहीत होती आणि उत्तर वृत्तपत्रातील सूचनेच्या रूपाने द्यावे असे तिने सुचविले होते. ही लेडी ब्रॅडशे होय. १७४८ च्या ऑक्टोबरातील तिच्या पत्रात क्लॅरिसाला वाचवावे आणि लव्हलेसला सुधारून दोघांचा विवाह लावून द्यावा, अशी कळकळीची विनवणी होती. रिचर्डसनने सविस्तर उत्तरे दिली. शेवट मात्र बदलला नाही. अखेरच्या खंडाला जोडलेल्या उपसंहारात त्याने अशा विनंत्यांचा उल्लेख करून शोकान्ताचे समर्थन केले. लेडी ब्रॅडशेची बहीण लेडी एक्लिन हिने तर पुढे स्वतःच निराळा शेवट लिहिला. तो १९८२ मध्ये छापून प्रसिद्ध झाला.

येथवर पाहता रिचर्डसनने वाचकांचे ऐकले नाही असेच कोणी म्हणेल. परंतु नंतरच्या आवृत्त्या ताडून पाहिल्या म्हणजे वेगळे चित्र दिसते. त्याने विनंती फेटाळली. विनंतीमागील वाचन मात्र त्याला अस्वस्थ करून गेले. क्लॅरिसाचा विवाह लव्हलेसशी व्हावा असे एखाद्या सुबुद्ध, धर्मशील स्त्रीला वाटते याचा अर्थ काय? लव्हलेस वाचकांना मोहवितो आणि क्लॅरिसा त्यांना कठोर वाटते, हाच. यंगने चिंता करू नये असे ज्याविषयी सांगितले होते तेच प्रत्यक्षात आले होते.

या वाचनाला त्याने दिलेले उत्तर कथानकात शोधून सापडणार नाही. ते कथानकाच्या कडेने उभारलेले आहे. पहिले चार खंड १७४९ मध्ये पुन्हा छापताना त्याने प्रत्येक पत्राचा सारांश देणारी विस्तृत अनुक्रमणिका जोडली. तिच्यात लव्हलेसचे हेतू आधीच उघड केले. क्लॅरिसाला दोष देणाऱ्या वाचकांना तळटीपांतून फटकारले. १७५१ च्या तिसऱ्या आवृत्तीत तर नवा मजकूरच आला. अ‍ॅना हाऊ या क्लॅरिसाच्या मैत्रिणीला तिच्या आईसह समुद्रप्रवासात पळवून नेऊन भ्रष्ट करण्याचा लव्हलेसचा बेत या आवृत्तीत सविस्तर येतो. तो वाचल्यावर त्याच्याविषयी माया वाटणे कठीण व्हावे, हा हेतू स्पष्ट आहे.

हा मजकूर नवा आहे असे रिचर्डसन सांगत नाही. मूळ हस्तलिखितातून लांबीच्या भयाने गाळलेला भाग आपण परत घेत आहोत, असे त्याचे म्हणणे. अशा स्थळी त्याने समासात ठिपके छापले आणि जुन्या आवृत्तीच्या ग्राहकांसाठी हे उतारे स्वतंत्रपणेही काढले. हे विधान दोनशे वर्षे बहुतेकांनी प्रमाण मानले. मार्क किंकेड-वीक्स यांनी १९५९ मध्ये त्यावर प्रथमच कसोशीने प्रश्नचिन्ह उभे केले. यांतील पुष्कळसे उतारे पहिल्या आवृत्तीवरील विशिष्ट आक्षेपांना इतके नेमके उत्तर देतात की, ते आक्षेपांनंतर लिहिले गेले असावेत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. 'क्लॅरिसा'चे हस्तलिखित आज उपलब्ध नाही. त्यामुळे प्रत्येक उताऱ्याचा निर्णय स्वतंत्रपणे अंतर्गत पुराव्यावरच करावा लागतो.

संहिताचिकित्सेच्या दृष्टीने हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती मराठी अभ्यासकांना परिचित आहे. तेथे पाठभेद अनेक लेखनिकांच्या व अनेक प्रदेशांच्या परंपरांतून आलेले आहेत, आणि उपलब्ध पोथ्यांच्या आधारे सर्वांत जुन्या पाठाकडे जाणे हे संपादकाचे उद्दिष्ट आहे. 'क्लॅरिसा'त सर्व पाठभेद एकाच लेखकाचे, आणि छापखानाही त्याचाच. लेखकाची अखेरची इच्छा प्रमाण मानली तर तिसरी आवृत्ती स्वीकारावी लागते. पण त्या आवृत्तीत लेखक आपल्याच पहिल्या वाचकांशी वाद घालीत आहे, आणि तो वाद ज्या कृतीमुळे उद्भवला ती कृती पहिल्या आवृत्तीतच आहे. अँगस रॉस यांनी १९८५ च्या पेंग्विन आवृत्तीसाठी पहिली आवृत्ती निवडली, ती या दृष्टीने समर्थनीय ठरते. मात्र एकीच्या स्वीकाराने दुसरी बाद होत नाही. दोन्ही शेजारी ठेवल्यावाचून पुनर्लेखनाचा इतिहास वाचता येत नाही.

साधनांविषयीही सावधगिरी हवी. रिचर्डसनने आलेली पत्रे आणि आपल्या उत्तरांच्या नकला जपून ठेवल्या. त्यांचा मोठा भाग आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. परंतु प्रकाशनाच्या विचाराने उतारवयात त्याने या पत्रांवरूनही हात फिरविला, आणि १८०४ मध्ये अ‍ॅना लेटिशिया बार्बोल्ड यांनी सहा खंडांत ती छापली तेव्हा आणखी काटछाट झाली. पुनर्लेखनाचा पुरावाच पुनर्लिखित आहे, हे विसरून चालणार नाही.

लेडी ब्रॅडशेशी रिचर्डसनची प्रत्यक्ष भेट १७५० मध्ये झाली आणि स्नेह अखेरपर्यंत टिकला. 'क्लॅरिसा'च्या आपल्या प्रतीच्या समासांत तिने ठिकठिकाणी मते लिहिली. ती प्रत रिचर्डसनकडे गेली आणि त्याच समासांत त्याने उत्तरे लिहिली. आज ती प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. ग्रंथ छापून पूर्ण झाला होता, शेवट बदलण्याचा प्रश्न उरला नव्हता. तरीही वाचिका हरकत घेत आहे आणि लेखक खुलासा करीत आहे.

वाचकांचा प्रभाव शोधू पाहणाऱ्याने त्यांनी काय मागितले आणि त्यांना काय मिळाले एवढाच हिशोब मांडला तर 'क्लॅरिसा'पुरते उत्तर जवळजवळ शून्य येईल. लांबी घटली नाही, उलट वाढली. शेवट गोड झाला नाही. वाचकांनी सुचविलेला उपाय रिचर्डसनने क्वचितच स्वीकारला. परंतु तो उपाय सुचविताना त्यांनी कृती कशी वाचली हे त्यांच्याही नकळत सांगितले होते, आणि ते त्याने कधीच दुर्लक्षिले नाही. अभिप्रायाची वाट पाहणाऱ्या लेखकाला त्यातून मिळण्याजोगे असते ते हेच; आणि पुनर्लेखनाचा अभ्यास करणाऱ्यानेही विनंत्यांपेक्षा त्यांच्यामागील वाचनाचाच माग काढणे अधिक फलदायी होईल.