घोड्याच्या चालीने

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात लँकेस्टर नावाचा परगणा आहे. तिथल्या रस्त्यांवर आपल्या मोटारीचा वेग कमी करावा लागतो, कारण पुढे करड्या रंगाची घोडागाडी चाललेली असते. हे आमिश लोक. त्यांचा मुलूख पाहायला मी गेलो तो कुतूहलापोटी. ही माणसे अशी का राहतात, याचे उत्तर मला त्यांच्या इतिहासात मिळाले.

१५२५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात काही जणांनी ठरवले, की बाप्तिस्मा तान्ह्या मुलाला द्यायचा नाही; जाणत्या वयात माणसाने तो स्वतःहून घ्यायचा. धर्मसत्ता आणि राजसत्ता हातात हात घालून चालत होत्या. त्यांना हे बंड वाटले. १५२७ मध्ये त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झ याला नदीत बुडवून मारण्यात आले. पुढे १६९३ मध्ये याकोब अम्मान या धर्मगुरूने आग्रह धरला, की घेतलेले वचन मोडणाऱ्याला वाळीत टाकायचे, त्याच्याबरोबर जेवायलाही बसायचे नाही. त्यावरून फूट पडली. अम्मानचे अनुयायी ते आमिश. अठराव्या शतकात ते धर्मस्वातंत्र्याच्या शोधात पेनसिल्व्हेनियात येऊ लागले. २०२४ मध्ये उत्तर अमेरिकेत त्यांची संख्या चार लाखांच्या घरात होती.

यंत्राशी त्यांचे वैर आहे, असा समज आहे. प्रत्यक्षात गोठ्यातले दूध डिझेल इंजिनाच्या जोरावर थंड होते. दुसऱ्याच्या मोटारीत ते बसतात. स्वतःची मात्र ठेवत नाहीत. १९१० च्या सुमारास इथल्या आमिशांनी घरात टेलिफोन नको असे ठरवले, तरी शेताच्या कडेला लाकडी खोपटात तो असतो. गरजेला तिथवर चालत जायचे. या वस्तूने शेजारी दुरावेल का, हा त्यांचा प्रश्न असतो. घोडा जाईल तेवढ्याच टप्प्यात आपली माणसे राहतात. वेगळे प्रार्थनामंदिर नाही. एक रविवार सोडून कुणाच्या तरी घरी मंडळी जमते, म्हणून ती घरात मावेल एवढीच असते.

मला ओढ होती ती त्यांच्या गाण्यांची. त्यांच्या ‘आउसबुंड’ या गीतसंग्रहातली बरीच गीते सोळाव्या शतकात कैद्यांनी तुरुंगात रचलेली आहेत. पुस्तकात स्वरलिपी नाही. चाली कानांनीच जपल्या गेल्या. चार कडव्यांचे एक स्तुतिगीत म्हणायला वीसेक मिनिटे लागतात.

पण या जवळिकीची किंमतही आहे. बाप्तिस्म्याआधी निघून जाणाऱ्याला वाळीत टाकत नाहीत. बाप्तिस्मा घेऊन मग मंडळी सोडली, तर आईच्या घरीही वेगळ्या टेबलावर जेवण्याची वेळ येऊ शकते. मुलांची शाळा आठवीला संपते. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तशी मुभा दिली, तेव्हा न्यायमूर्ती डग्लस यांनी मतभेद नोंदवला : मुलांचे म्हणणे कुणी विचारले का?

हा प्रश्न आमिशांच्याच इतिहासातून उगवलेला आहे. माणसाने आपला धर्म स्वतः, समजून-उमजून निवडावा, यासाठी त्यांच्या पूर्वजांनी प्राण दिले. आठवीत दप्तर ठेवून शेताकडे निघालेल्या मुलापुढे ती निवड किती मोकळी असते? त्यांच्या शेजारधर्माबद्दल आदर बाळगूनही हे विचारावेसे वाटते.