संगीत-विनोदपट, अल्पखर्ची (हॉलीवूड, १९२८–३४)

बोलपटाच्या पहिल्या सहा-सात वर्षांत हॉलीवूड व न्यूयॉर्कच्या स्टुडिओंनी थोडक्या पैशांत आणि थोडक्या दिवसांत काढलेले नाच, गाणी व विनोद यांचे चित्रपट. यांत एक-दोन रिळांचे लघुपट येतात, तसेच तासा-सव्वातासाचे पूर्ण चित्रपटही येतात. मोठ्या कंपन्यांचे भपकेबाज संगीतपट याच काळात निघत होते. तरी त्या वेळचे अमेरिकन रंगमंचावरचे कलावंत प्रत्यक्षात कसे गात, नाचत आणि हसवत, हे पाहायचे तर या स्वस्त चित्रपटांकडेच यावे लागते.

वॉर्नर ब्रदर्सचा ‘द जॅझ सिंगर’ ६ ऑक्टोबर १९२७ रोजी झळकला. त्याआधीच, १९२६ पासून, वॉर्नरने विटाफोन पद्धतीने गायक, वादक आणि विनोदी जोड्यांचे लघुपट काढायला सुरुवात केली होती. या पद्धतीत आवाज फिल्मवर नसे, सोळा इंची तबकडीवर असे. एका तबकडीत एका रिळाचा, म्हणजे सुमारे अकरा मिनिटांचा आवाज मावे. तबकडीवरचा आवाज कापता-जोडता येत नसे, म्हणून प्रवेश सलग करावा लागे आणि दोन-तीन कॅमेरे तो एकाच वेळी टिपत. कॅमेऱ्याची घरघर माइकमध्ये उतरू नये यासाठी कॅमेऱ्याला, आणि त्याबरोबर कॅमेरामनलाही, ध्वनिरोधक खोपटात कोंडत. जुने आर्क दिवे आवाज करत, म्हणून त्यांच्या जागी तापदीप्त दिवे आले. वाद्यवृंद चौकटीबाहेर बसून त्याच क्षणी साथ करी. मेट्रो-गोल्डविन-मेयरच्या ‘द ब्रॉडवे मेलडी’च्या (१९२९) वेळी एका नृत्याचे चित्रण पुन्हा करायचे ठरले, तेव्हा वाद्यवृंद परत न बोलावता आधीचेच ध्वनिमुद्रण वाजवून त्यावर नर्तकांना नाचवले, असे सांगतात. प्लेबॅकची ही युक्ती रुळायला वेळ लागला. तोवरच्या चित्रपटांत गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो, बुटांची टपटप खरी असते आणि एखादा सूर निसटला तर तो निसटलेलाच राहतो. या चित्रपटांची मोहिनी प्रथम इथे आहे. चूक झाकायला वेळ नव्हता आणि पैसाही नव्हता, त्यामुळे समोरचा माणूस झाकला गेला नाही.

हे कलावंत बहुतेक व्हॉडव्हिलमधले, म्हणजे गावोगावच्या नाट्यगृहांतून फिरणाऱ्या विविध मनोरंजनाच्या कार्यक्रमांतले. दहा-बारा मिनिटांचा एकच प्रवेश वर्षानुवर्षे करून त्यांनी तो घोटून घोटून पक्का केलेला असे. स्टुडिओला तो आयता मिळे, लेखकाचा खर्च वाचे आणि चित्रण झटपट उरके. विटाफोनचे बरेच लघुपट ब्रुकलिनमध्ये होत, कारण दिवसा चित्रण करून रात्री ब्रॉडवेच्या रंगमंचावर उभे राहणे तिथून शक्य होते. विनोदी नट मार्क्स बंधूंनी ‘द कोकोनट्स’ (१९२९) असाच न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया स्टुडिओत केला. कागदाची चुरचूर माइकला सोसवेना, म्हणून त्यात हाताळायचे कागद पाण्यात भिजवून घेतले होते. कलावंताला मात्र या सोयीची किंमत मोजावी लागली. जो प्रवेश त्याला वर्षानुवर्षे पोसत होता तो एकदा पडद्यावर आला की देशभर पाहिला जाई, आणि मग तोच घेऊन फिरणे कठीण होई.

जॉर्ज बर्न्स आणि ग्रेसी अ‍ॅलन यांचा ‘लॅम्बचॉप्स’ (१९२९) हा या लघुपटांतला नमुनेदार. ठरलेला विनोदी नट फ्रेड अ‍ॅलन आजारी पडल्याने ही जोडी ऐनवेळी बोलावली गेली. दोघे दिवाणखान्याच्या सेटवर येतात आणि प्रेक्षक कुठे आहेत ते शोधू लागतात. मग बर्न्स कॅमेऱ्याकडे बोट दाखवतो आणि दोघांचा प्रवेश सुरू होतो. नट आणि प्रेक्षक यांच्यामधली काल्पनिक ‘चौथी भिंत’ पाडण्याविषयी पुढे बरेच लिहिले गेले. इथे ती इतक्या सहजपणे पडते की रंगमंचाची सवय अंगात मुरलेल्या माणसांखेरीज ते कुणाला साधले नसते.

१९२८ मध्ये स्थापन झालेली आर.के.ओ. ही कंपनी बोलपटासाठीच जन्मली. रेडिओ कॉर्पोरेशनची ध्वनियंत्रणा आणि व्हॉडव्हिलच्या नाट्यगृहांची साखळी तिच्या हाती होती. तिची हुकमी जोडी म्हणजे बर्ट व्हीलर आणि रॉबर्ट वूल्सी. निर्माता झीगफेल्डच्या ‘रिओ रिटा’ (१९२७) या ब्रॉडवेवरील संगीतिकेत दोघे प्रथम एकत्र आले. तिच्यावरून काढलेल्या १९२९ च्या खर्चिक चित्रपटाने त्यांना पडद्यावर आणले आणि पुढे १९३७ पर्यंत ते चित्रपटामागून चित्रपट करत राहिले. व्हीलर गोबऱ्या चेहऱ्याचा, लहान मुलासारखा भाबडा. वूल्सी किडकिडीत, गोल चष्मा, तोंडात सिगार, बोलण्यात थापेबाज. बऱ्याच चित्रपटांत त्यांच्यासोबत डोरोथी ली असे. व्हीलर आणि ली यांची द्वंद्वगीते हा या चित्रपटांचा गाभा म्हणता येईल. आवाज दोघांचेही बेताचेच, पण गाण्यातून नाचात आणि नाचातून धसमुसळेपणात ते इतक्या सहजतेने जातात की पाहणाऱ्याचा चेहरा आपोआप खुलतो.

‘डिप्लोमॅनिअ‍ॅक्स’ (१९३३) हा त्यांचा सर्वांत बेफाम चित्रपट. त्याच्या लेखकांत जोसेफ एल. मँकिएविक्झ होता. ज्यांना दाढीच येत नाही अशा मूळ अमेरिकी जमातीच्या वस्तीत दोन न्हावी दुकान थाटतात, आणि तीच जमात त्यांना जिनिव्हाच्या शांतता परिषदेला प्रतिनिधी म्हणून पाठवते. पुढे तर्काची कास पूर्ण सुटते. त्याच वर्षी काही महिन्यांनी आलेला मार्क्स बंधूंचा ‘डक सूप’ जगभर नावाजला गेला. दोन्हींत खलनायक लुई कॅल्हर्नच आहे. ‘डिप्लोमॅनिअ‍ॅक्स’ मात्र मागे पडला, हे अन्यायाचे वाटते. त्याच्या विस्मरणाला आणखीही एक कारण आहे आणि ते टाळून चालणार नाही. शेवटाकडे बॉम्बस्फोटाने सर्वांचे चेहरे काळे होऊन गाणे सुरू होते. कृष्णवर्णीय, चिनी आणि मूळ अमेरिकी लोकांची अशी टिंगल या साऱ्या चित्रप्रकारात पसरलेली आहे, आणि आज ती पाहवत नाही.

१९३० मध्ये संगीतपटांचा पूर आला आणि प्रेक्षक विटले. काही तयार चित्रपटांतून गाणी कापून टाकण्यापर्यंत वेळ आली. ‘फॉर्टी-सेकंड स्ट्रीट’ने (१९३३) लाट परत आणली. या चढउतारांच्या काळात धीट प्रयोग झाले ते स्वस्त चित्रपटांत. दिग्दर्शक मार्क सँड्रिचने ‘सो धिस इज हॅरिस!’ या आर.के.ओ.च्या लघुपटात संवाद, हालचाली व संकलन एका लयीत बांधले आणि त्याला विनोदी लघुपटाचे ऑस्कर मिळाले. १९३४ मध्ये त्याने व्हीलर-वूल्सीचे दोन चित्रपट केले आणि त्याच वर्षी फ्रेड अस्टेअर–जिंजर रॉजर्स या नृत्यजोडीचा ‘द गे डिव्होर्सी’. अस्टेअरच्या चित्रपटांतला डौल कुठे घडत होता याचा माग त्या दोन धांदलीच्या विनोदपटांतही लागतो. कोलंबियाचा ‘वूमन हेटर्स’ (१९३४) हा थ्री स्टूजेस या विनोदी त्रिकुटाचा त्या कंपनीतला पहिला लघुपट. त्यात सगळे संवाद यमकांत आहेत.

मुंबईशी या काळाचा धागा जुळतो तो तंत्रातून. युनिव्हर्सलचा अर्धबोलपट ‘शो बोट’ (१९२९) पाहून मुंबईचे चित्रनिर्माते अर्देशिर इराणी यांनी बोलपटाचे मनावर घेतले, आणि ‘आलम आरा’ (१९३१) या आपल्या बोलपटासाठी वादकांना कॅमेऱ्याच्या नजरेआड बसवून गाणी थेट मुद्रित केली.

जुलै १९३४ पासून हॉलीवूडच्या नीतिनियमांची, म्हणजे निर्मितिसंहितेची, अंमलबजावणी कडक झाली आणि या विनोदातला चावटपणा आटला. वूल्सी १९३८ मध्ये वारला. विटाफोनच्या फिल्म आणि तबकड्या वेगवेगळ्या ठिकाणी पडून होत्या, म्हणून अनेक लघुपट वर्षानुवर्षे मुके राहिले. १९९१ मध्ये संग्राहकांनी सुरू केलेल्या विटाफोन प्रोजेक्टने तबकड्या हुडकून त्यांची अभिलेखागारांतल्या फिल्मशी जोडणी केली, आणि त्यामुळे यांतले पुष्कळ लघुपट आता आवाजासह पाहता येतात.