आरोग्य विमा बदलण्याचा हक्क : ज्येष्ठ नागरिकांच्या दृष्टीने एक इतिहास (१९८६ ते २०२५)

प्रस्तावना

समजा, तुमच्या आईचे वय ६७ आहे. गेली बारा वर्षे तिने एकाच कंपनीची आरोग्य विमा पॉलिसी न चुकता चालवली आहे. मधल्या काळात मधुमेह झाला आणि हप्ताही वाढत गेला. आता तिला दुसऱ्या कंपनीकडे जायचे आहे. ती जाऊ शकते का, आणि गेली तर तिची बारा वर्षे मोजली जातात का? या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत. भारतातील आरोग्य विम्याच्या इतिहासाचा मोठा भाग या फरकात सामावलेला आहे. या टिपणात आपण तो क्रमाने पाहू.

१. एकच योजना, चार कंपन्या

१ जानेवारी १९७३ रोजी सामान्य विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण अमलात आले. १०७ विमा कंपन्या चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या : नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया. १९८६ मध्ये या कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ ही योजना बाजारात आणली. हे नाव इतके रुळले की आजही अनेक घरांत आरोग्य विम्याला ‘मेडिक्लेम’च म्हणतात.

योजना मुळात सारखीच असल्यामुळे निवडीला फारसा वाव नव्हता. विमा कायदा १९९९ मध्ये बदलला, विमा नियामक व विकास प्राधिकरण (आयआरडीए) स्थापन झाले आणि २००० पासून खासगी कंपन्या आल्या. निवड वाढली, पण वयस्कर ग्राहकाला तिचा उपयोग करता येईना. त्याचे कारण पुढे पाहू.

२. कुलूप कोठे होते?

आरोग्य विम्यात ‘प्रतीक्षा कालावधी’ नावाची अट असते. पॉलिसी घेण्याआधीपासून असलेल्या आजाराचा खर्च कंपनी लगेच देत नाही, ठरावीक काळ थांबावे लागते. ही मुदत दीर्घकाळ जास्तीत जास्त ४८ महिने होती. अटीमागचे कारण समजण्यासारखे आहे. आजार झाल्यावरच विमा घेता आला असता, तर निरोगी माणसाने हप्ता भरलाच नसता.

आता ही अट वयाशी जोडून पाहा. तिशीतल्या माणसाला सहसा जुना आजार नसतो, त्यामुळे कंपनी बदलल्याने त्याचे फारसे बिघडत नसे. सत्तरीच्या माणसाला रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांपैकी काहीतरी असतेच. तो नव्या कंपनीकडे गेला की जुन्या पॉलिसीत झालेला आजार नव्या पॉलिसीत ‘आधीपासूनचा आजार’ ठरे आणि चार वर्षे पुन्हा पहिल्यापासून सुरू होत. जुन्या कंपनीकडे काढलेली वर्षे मोजण्याचे बंधन नव्या कंपनीवर नव्हते. कागदावर सर्वांना सारखे असलेले स्वातंत्र्य ज्येष्ठांसाठी असे निरुपयोगी झाले होते.

३. आधी टिकण्याचा हक्क

बदलण्याच्या हक्काआधी एक पायरी होती, ती म्हणजे आहे त्या कंपनीत टिकून राहण्याची. बिमन कृष्ण बोस विरुद्ध युनायटेड इंडिया (२००१) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचा निर्णय दिला. ग्राहकाने पूर्वी दाव्यासाठी कोर्टात धाव घेतली, एवढ्यावरून नूतनीकरण नाकारणे हे मनमानी वर्तन आहे, असे न्यायालयाने म्हटले.

२०१३ च्या आरोग्य विमा विनियमांनी हे तत्त्व व्यापक केले. पॉलिसी सामान्यतः आयुष्यभर नूतनीकरणयोग्य ठरली. किमान ६५ वर्षे वयापर्यंत प्रवेश खुला ठेवणे बंधनकारक झाले. अर्ज नाकारल्यास कारण लेखी देण्याची आणि ज्येष्ठांच्या तक्रारींसाठी वेगळी व्यवस्था ठेवण्याची तरतूद झाली.

४. १ ऑक्टोबर २०११ : पोर्टेबिलिटी

जानेवारी २०११ मध्ये मोबाइल क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर सुरू झाली. त्याच वर्षी आरोग्य विम्यातही ‘पोर्टेबिलिटी’ आली. आधी १ जुलै ही तारीख ठरली होती, ती पुढे ढकलून १ ऑक्टोबर झाली. शब्द एकच असला तरी दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. मोबाइलमध्ये क्रमांक सोबत येतो. विम्यात सोबत येतो तो काळ, म्हणजे जुन्या पॉलिसीत पूर्ण केलेला प्रतीक्षा कालावधी.

हे उदाहरणाने समजून घ्या. पॉलिसी सलग तीन वर्षे चालली आहे आणि नव्या योजनेची प्रतीक्षा चार वर्षांची आहे. मग एकच वर्ष थांबावे लागेल. मात्र ही सवलत जुन्या विमा रकमेपुरतीच आहे. जुनी पॉलिसी ३ लाखांची आणि नवी १० लाखांची असेल, तर वाढीव ७ लाखांसाठी घड्याळ नव्याने सुरू होते.

आणखी एक मर्यादा याहून मोठी आहे. नवी कंपनी आरोग्याची माहिती तपासून अर्ज नाकारू शकते किंवा जादा हप्ता मागू शकते. नाकारलेल्या ज्येष्ठाला जुन्या कंपनीतच राहावे लागते. म्हणजे पोर्टेबिलिटीने साठवलेला काळ नेण्याचा हक्क दिला, प्रवेशाची हमी दिली नाही.

५. पाहून घेण्याची मुदत

नवी पॉलिसी पसंत नसेल तर परत करण्याच्या मुदतीला ‘फ्री लूक’ म्हणतात. ती १५ दिवसांची होती, २०२४ मध्ये ३० दिवस झाली. या काळात तुम्ही अटी वाचून पाहू शकता, कंपनी दावे कसे निकाली काढते ते मात्र सहसा कळत नाही. शिवाय पोर्ट करताना जुन्या पॉलिसीची मुदत दरम्यान संपली, तर नवी परत केल्यावर सलगता तुटण्याचा धोका असतो.

६. २०२४ नंतर

२०२४ मध्ये प्रतीक्षा कालावधीची कमाल मर्यादा ३६ महिन्यांवर आली. सलग ६० महिने पूर्ण झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. ही मुदत पूर्वी आठ वर्षांची होती. पोर्टेबिलिटीसाठी जुन्या कंपनीने ७२ तासांत माहिती द्यावी आणि नव्या कंपनीने ५ दिवसांत निर्णय कळवावा, असे ठरले.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांचे संरक्षण मिळू लागले. खासगी पॉलिसी असणाऱ्यांनाही ते मिळते. सीजीएचएससारख्या सरकारी योजनेतील व्यक्तीला मात्र दोन्हींपैकी एकाची निवड करावी लागते. जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवण्याआधी प्राधिकरणाशी सल्लामसलत सक्तीची झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील जीएसटी शून्य झाला.

सारांश

१९८६ ते २०११ या काळात ज्येष्ठांना बांधून ठेवले ते प्रतीक्षेच्या घड्याळाने. २०११ नंतर ते घड्याळ सोबत नेता येऊ लागले, पण दार उघडायचे की नाही हे अजून नवी कंपनी ठरवते. म्हणून लेखी स्वीकृती हाती येईपर्यंत जुन्या पॉलिसीत खंड पडू देऊ नये. आणि बदल करायचाच असेल, तर तो प्रकृती चांगली असताना करणे शहाणपणाचे.

विचार करा

१. प्रतीक्षा कालावधी रद्द केला तर हप्त्यांवर काय परिणाम होईल?
२. पोर्टेबिलिटीत प्रवेशाची हमी द्यावी का? ग्राहक आणि कंपनी या दोन्ही बाजूंनी मांडणी करा.
३. तुमच्या घरातील एका ज्येष्ठाची पॉलिसी घेऊन तिची सलग वर्षे, विमा रक्कम आणि उरलेला प्रतीक्षा कालावधी यांची नोंद करा.